अकरा वाजता पोचलेली चिठ्ठी

मनमाड
दि. ३ जून १९८६

ती. सुलावहिनींस,

निवृत्तीचा सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला, असं लिहिणार होतो. पण सात वर्षांना कुणी उशीर म्हणत नाही. तेव्हा सरळ कामाचं लिहितो.

आमच्या क्लबाने ठरवलं आहे की मनमाडला जी जिल्ह्याची फुटबॉल स्पर्धा भरते, तिचा कप यंदापासून दादाच्या नावाने द्यायचा. ‘कालकथित मल्हारी पगारे स्मृती चषक’. दादा आयुष्यभर सातपूरकडून खेळला आणि आमच्याविरुद्ध उभा राहिला, तरी जन्माने मनमाडचाच. वर्कशॉपातले जुने लोक अजून म्हणतात, असा गोली पुन्हा झाला नाही. मीटिंगमध्ये एकानेही विरोध केला नाही. फायनल २० जुलैला, रविवारी आहे. कप तुमच्या हातून द्यावा, असं सगळ्यांचं मत पडलं. दादाचा एखादा फोटो असला तर आणा, मोठा करून मैदानात लावू.

एक गोष्ट लिहू की नको, असं होतं. तुमची राहायची सोय एका मास्तरांच्या घरी केली आहे. आमच्या घरी नको. आईला आता दिसत नाही फारसं, पण कान आणि जीभ शाबूत आहे. दादा गेला त्या दिवशी तुम्ही आम्हांला कळवलं नाही, पोराचं शेवटचं तोंड पाहू दिलं नाही, असं ती येईल त्याला सांगते. मी समजावतो. म्हातारं माणूस, ऐकत नाही. तुम्ही मनावर घेऊ नका.

उत्तर लवकर द्यावं. पत्रिका छापायच्या आहेत.

आपला
निवृत्ती

*

सातपूर
दि. १० जून १९८६

निवृत्ती भाऊजींस,

सुलाचा जयभीम. पत्र पोचलं. कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घरी येऊन पुन्हा वाचलं.

तुम्हांला वाटत असेल, बाई फुटबॉलवर रुसून बसली आहे. तसं नाही. मी अजून पेपर मागच्या पानापासून उघडते. मला अक्षरं कुणी शाळेत नेऊन शिकवली नाहीत. हे मॅच खेळून यायचे, पेपरात नाव आलं का बघ म्हणायचे, आणि ते शोधता शोधता मी वाचायला लागले. ‘अजिंक्य’ हा मी लावलेला पहिला जोडाक्षराचा शब्द. आता कामगार कल्याणच्या वाचनालयातली चार कपाटं माझी वाचून झाली आहेत. पण खेळाचं पान वाचल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

म्हणून मी सांगते ते बायकी रडगाणं समजू नका. मी सातपूरच्या बाजूच्या दोरीला टेकून चौदा फायनल पाहिल्या. फायनल ही खेळणाऱ्यांची नसते, बघणाऱ्यांची असते. बघणाऱ्यांना एक माणूस खांद्यावर घ्यायला लागतो आणि एक पायाखाली घ्यायला. पायाखाली घ्यायला गोली सोयीचा. फॉरवर्डने दहा बॉल बाहेर घालवले तर नशीब वाईट, गोलीच्या हातून एक सुटला तर तो विकला गेला. आमचेच लोक गोलच्या मागे बसून ह्यांच्यावर बांगड्या फेकायचे. हे गेले त्या दिवशी माझ्या बांगड्या उतरवायला बायका आल्या. मी त्यांना विचारलं, कालच्या मैदानातल्या कुणी गोळा केल्या का? त्यांना वाटलं, मला भ्रम झाला.

त्याच लोकांना आता कप द्यायचा आहे. द्या. मेलेला गोली कुणाला नको असतो? त्याला गोल होत नाही.

आता कळवण्याचं. तुम्हां दोघा भावांची एक गंमत होती. फायनलला जो हरेल त्याने स्वतःच्या मरणाची चिठ्ठी लिहायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने जिंकणाऱ्याला पाठवायची. कंडक्टरने ती मनमाड स्टँडवर कादरभाईंच्या पानाच्या टपरीवर द्यायची, कादरभाईंनी तुमच्याकडे. तुम्ही हरलात की तुमची चिठ्ठी उलट्या रस्त्याने आमच्याकडे. ह्यांचं अक्षर वाईट, म्हणून ह्यांची चिठ्ठी मी लिहायची. तीन वेळा लिहिली. ‘कळविण्यास दुःख होते की श्री. मल्हारी सहादू पगारे आज सकाळी वारले. ताबडतोब निघून यावे.’ तुम्ही ती टीमला वाचून दाखवायचा आणि मयताचं पत्र फाडतात तशी फाडायचा.

६ मे १९७९ ला, फायनल हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, हे खरोखर गेले. रविवार होता. तारेचं ऑफिस बंद, फॅक्टरीला कुलूप, म्हणजे फोनही बंद. लवकर पोचायचा एकच रस्ता मला माहीत होता. मी त्याच रस्त्याने चिठ्ठी पाठवली.

तीन वर्षांपूर्वी कादरभाई इथे सरकारी दवाखान्यात मेहुण्याला बघायला आले होते. मला पाहून हात जोडून म्हणाले, “भाभी, मी अकरा वाजता स्वतः निवृत्तीच्या हातात दिली. खुदा कसम. आत काय लिहिलंय मला काय माहीत?” मी तेव्हा तुम्हांला लिहिलं नाही. वाटलं, तुम्हीच लिहाल.

माझी अट एकच. माझ्यादेखत सासूबाईंना सांगा की चिठ्ठी अकरा वाजता पोचली होती. मग मी कप देईन, फोटोही आणीन. नाहीतर कपाला दुसरं नाव बघा. मनमाडमध्ये मेलेली माणसं कमी नाहीत.

सुला पगारे

*

मनमाड
दि. १८ जून १९८६

ती. वहिनींस,

जयभीम. तुमचं पत्र मी वर्कशॉपात वाचलं. घरी नेण्याची हिंमत झाली नाही.

पोचली होती. झालं तुमचं समाधान?

आता माझंही ऐका. फायनल जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर टीमचं मटण असायचं, तसं होतं. पंचवीस माणसं. सगळे वाटच बघत होते, चिठ्ठी अजून कशी आली नाही. कादरभाई आले तसा गलका झाला. मी बाजेवर उभा राहिलो आणि वाचली. तोच दिवस, तोच रस्ता, तुमचंच ते मोत्यासारखं अक्षर आणि तेच शब्द. शब्दाला शब्द तोच. ताटं वाजवली लोकांनी. मी फाडली आणि रश्श्याच्या पातेल्याखाली जाळात टाकली. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? ‘खरंच’ असा एक शब्द तुम्ही त्यात जास्त लिहिला असता तर मी अनवाणी आलो असतो.

सोमवारी दुपारी सातपूरचा माणूस आला तेव्हा कळलं. तोवर सगळं उरकलं होतं. आईने पहिला प्रश्न विचारला, “सुलानं काल कळवलं का नाही?” मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, “नाही कळवलं.” एवढेच दोन शब्द. वाटलं, महिनाभराने सांगू. महिन्याने वाटलं, वर्ष सरू दे. मग ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, आणि तिने इतकं सांगितल्यावर मला ते परत घेता येईना. टीमचे पंचवीस जणही तोंड उघडत नाहीत, ताटं त्यांनीही वाजवली होती.

चिठ्ठी वाचली तेव्हा आई मागे चुलीपाशी होती. ताटांच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. तिला आता कळलं की आपण मटण शिजवत होतो तेव्हा पोरगा घरात पडून होता आणि धाकट्याने हसून चिठ्ठी जाळली, तर ती मला दारात उभं करणार नाही, किंवा स्वतः उभी राहणार नाही. पंच्याहत्तरी उलटली आहे तिची. तुम्ही वाचणाऱ्या बाई आहात. समजून घ्या.

पत्रिका छापायला टाकल्या आहेत. तुमचं नाव घातलं आहे.

निवृत्ती

*

सातपूर
दि. २७ जून १९८६

निवृत्ती भाऊजींस,

जयभीम.

परवा मेक्सिकोतल्या मॅचमध्ये एका मोठ्या खेळाडूने हाताने गोल मारला. कॅन्टीनमध्ये चार दिवस तेच चाललं आहे. सगळे हसतात, हुशारी म्हणतात, एवढ्या माणसांसमोर रेफ्रीला फसवलं म्हणतात. मी विचारलं, गोलीचं नाव काय? एकालाही सांगता आलं नाही. तो हात वर करून ओरडत होता म्हणे. ज्याने पाहिलं त्याचं कुणी ऐकलं नाही.

एक शब्द जास्त का लिहिला नाही, असं तुम्ही विचारता. बरोबर विचारता. मला मयताची चिठ्ठी एकाच तऱ्हेने लिहिता येत होती, आणि ती मी तुमच्या गमतीत शिकले होते. दुसरे शब्द मला सुचले नाहीत. वहीचं पान घेतलं, लिहिलं. त्यावर पाणी पडलं, शाई पसरली. अक्षरही तिरकं आलं होतं. मला वाटलं, सासरच्या माणसांना असलं गबाळं पत्र कसं पाठवायचं? म्हणून दुसरं पान घेऊन पुन्हा चांगल्या अक्षरात लिहिली. पहिली पाठवली असती तर तुम्ही आला असता. हे मी सात वर्षांत कुणाला बोलले नाही.

दुसरंही सांगते. आम्ही बर्फाच्या लाद्या आणून ह्यांना ठेवलं होतं. मे महिना. एक माणूस स्टँडवर उभा केला होता. दोनच्या गाडीला तुम्ही नाही. साडेतीनच्या गाडीला नाही. चार वाजता मला कळलं. तुमचं काय झालं असेल ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं, ओटा, ताटं, तुम्ही बाजेवर. तेव्हाही मी माणूस पाठवू शकले असते. टॅक्सी मिळाली असती, फॅक्टरीतल्या लोकांनी खर्च केला असता. पण मला वाटलं, हसू दे. जितकं हसतील तितकं पुढे जड जाईल. साडेपाचला उचला म्हटलं मी. मीच म्हटलं.

तेव्हा तुमचं पाप तुमच्याकडे आणि माझं माझ्याकडे. पण अजून एक आहे, ते मोठं.

तुमच्या फॉरवर्डचा गुडघा ह्यांच्या पोटात बसला तो पहिल्या अर्ध्यात. मुद्दाम नव्हता. मी समोर होते, मी त्या पोराला कधी दोष दिला नाही. हाफटाइमला हे दोरीपाशी आले. तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाले, “आत कळ मारते गं. बसू का बाहेर?” मागे आमचे लोक ओरडत होते, म्हातारा झाला, बदला त्याला. मनमाडवाले ढोलकीवर ‘मेला मेला मल्हारी मेला’ करत होते. मला ते सहन होईना. मी म्हणाले, “बसा की. आणि येताना बांगड्या भरून या.”

ते वळले. गेले आणि उभे राहिले. दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी चार बॉल अडवले. पाचवा सुटला. पहाटे दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटात रक्त साठलंय, दुपारीच आणायला हवं होतं.

सासूबाई चुलीपाशी होत्या, त्यांना काही ऐकू गेलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. तर हे सगळं मी त्यांना सांगणार आहे. तुमचं आणि माझं, दोन्ही. मग त्या मला दारात उभं करोत की न करोत. पण दार बंद करायचं तर जे केलं त्यासाठी करा म्हणावं, जे केलं नाही त्यासाठी नको. १३ जुलैच्या रविवारी सकाळच्या गाडीने येते.

सुला

*

मनमाड
दि. ५ जुलै १९८६

(पत्र लिहिणार हाजरा, कादर पानवाले यांची मुलगी. विठाआजी सांगतात ते सांगतात तसं लिहिते आहे. माझ्या पदरचं काही नाही.)

सुला,

तू येऊ नको.

निवृत्तीनं तुजं पत्र उशीखाली दडवलं व्हतं. चार दिस तो जेवला नाय, तवा म्या चाचपून काढलं. हाजराकडनं वाचून घेतलं. पोरगी वाचता वाचता रडाया लागली. म्हनलं, रडू नको, पुढं वाच.

मी चुलीपाशी नव्हते. मी उंबऱ्यात बसले व्हते. निवृत्ती खोटं लिहितो. माज्यासाठी लिहितो.

त्यानं चिठ्ठी वाचली तवा मीबी हसले. लय हसले. डोळ्यातनं पानी आलं माज्या. म्हनलं, एक गोल काय झाला, लगेच मरतोय मेला, परत वाच रे. त्यानं परत वाचली. माजं लेकरू मेल्याचं म्या दोनदा ऐकलं आन दोन्ही टायमाला हसले. मंग त्याच्या वाटचं मटन बाजूला काढून ठिवलं, सांजच्याला येईल तवा चिडवू म्हनून.

सोमवारी कळलं. म्या निवृत्तीला इचारलं, सुलानं कळवलं का नाय? त्यानं नाय म्हनलं. मला ठावं व्हतं तो खोटं बोलतोय. त्याला ठावं व्हतं की मला ठावं हाय. त्या दिसापासून आमी त्यावर बोललो नाय.

कुनावर तरी घालाया लागतंच. निवृत्तीवर घालून मी खाऊ कुठं? माज्यावर घालून निजू कशी? तू लांब हायेस. तुला पोर नाय, बाळ नाय. तुजं नाव खराब झालं तर कुनाचं लगीन अडत नाय. म्हनून तुज्यावर घातलं. सात वरीस तू वाहिलंस, आता माजं राहिलं किती? तेवढं वाहा.

तू त्याला बांगड्या भर म्हनलीस ते ऐकलं. मला राग आला पायजे व्हता. नाय आला. बरं वाटलं. एकटी मीच नाय.

कपाला ये. घरी नको.

विठाबाई सहादू पगारे यांचा अंगठा

*

सातपूर
दि. १० जुलै १९८६

सासूबाईंस,

सुलाचा जयभीम. हाजरा, बाळ, सावकाश वाच. रडू आलं तर थांब, मग वाच.

तुम्ही हसलात, हे वाचून मला तुमचा राग यायला हवा होता. मलाही आला नाही. मी सकाळी सहापासून त्यांच्यापाशी बसले होते. पाय गार लागत होते, बायका येत होत्या, बर्फ वितळून मोरीकडे चालला होता. त्या वेळी सगळ्या जगात एकाच घरात ते जिवंत होते, तुमच्या. त्यांच्या वाटचं जेवण काढून ठेवलेलं होतं. सोमवार दुपारपर्यंत तुमचा मुलगा तुमच्याकडे होता. मला तो एक दिवस जास्त मिळाला असता तर मीही हसले असते.

हे झालं तुमच्या बाजूचं. आता माझ्या बाजूचं.

राहिलं किती, तेवढं वाहा, असं तुम्ही म्हणता. वाहते. मी कुणाला काही सांगणार नाही. तेराला येत नाही, वीसला येईन. पण मास्तरांच्या घरी नाही, आणि पाहुण्यांच्या रांगेतही नाही. मैदानात माझी खुर्ची तुमच्या खुर्चीला लागून ठेवायला निवृत्ती भाऊजींना सांगा. बायका येतील, विचारतील. तुम्ही सात वर्षं सांगता आहात ते त्यांना सांगा, सांगता त्याच शब्दांत. मी तोंड उघडणार नाही. फक्त शेजारी बसेन आणि ऐकेन. तुम्हांला माहीत असेल की मला माहीत आहे, आणि तरी सांगायचं.

एवढं तुम्हांला जमलं तर पुढचं मी मरेपर्यंत वाहीन.

सुला

*

सातपूर
दि. २३ जुलै १९८६

निवृत्ती भाऊजींस,

जयभीम. सुखरूप पोचले. फोटो तुमच्या क्लबातच राहू द्या. मोठा केल्यावर त्यांचा डावा डोळा जरा बारीक दिसतो, तो तसाच होता.

तुमची व्यवस्था चांगली होती. पाणी, मांडव, लाउडस्पीकर, सगळं. मॅचही बरी झाली. तुमची टीम जिंकली, पण मधली फळी कच्ची आहे, पुढल्या वर्षी कुणी दम असलेला आला तर फाटेल. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. पाहुण्या टीमच्या गोलीला लागलं आणि तो उठेना, तेव्हा तुमची पोरं गोलच्या मागून ओरडत होती, “मल्हारी हो! मल्हारी हो!” मला आधी वाटलं, त्यांच्या नावाचा जयजयकार चालला आहे. मग अर्थ कळला. मर, असं म्हणत होती ती त्याला. स्मृती चषक म्हणता तो हाच. मी तुम्हांला दोष देत नाही. त्या पोरांना मल्हारी म्हणजे एवढंच माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मंडपात लांब होता, तुम्हांला ऐकू गेलं नसेल.

मॅच सुरू झाल्यावर थोड्या वेळाने तुमच्या गल्लीतली नवसाबाई आणि तिच्याबरोबर तीन बायका आल्या. नवसाबाईने माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, “हीच का ती?” मी समोर मैदानाकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, आता म्हातारी अडखळेल. ठसका लागेल, पाणी मागेल, तोंड फिरवेल. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच आले होते. कपासाठी नाही.

त्या म्हणाल्या, “हीच. कळवलं नाय हिनं. पोराचं तोंडबी दावलं नाय.”

आवाज कुठे हलला नाही. बायकांनी माझ्याकडे पाहिलं, एक थुंकली, आणि त्या पुढे गेल्या. तुमचं मैदान, तुमची गर्दी. मी हरले, भाऊजी. चौदा फायनल पाहिलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं.

एवढंच की बोलताना त्यांनी पदराखाली माझं मनगट धरलं. धरलं ते मॅच संपेपर्यंत सोडलं नाही. गोल झाला, सगळे उठले, खुर्च्या पडल्या, तरी नाही. त्यांना दिसत नव्हतं, मी त्यांना कोण कुठे चाललंय ते सांगत होते. आमचं दुसरं काही बोलणं झालं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मला एकेक बोट उलगडून हात सोडवून घ्यावा लागला. नखं रुतली होती. काल कॅन्टीनमध्ये बायकांनी विचारलं, हाताला काय लागलं? मी म्हटलं, एस.टी.त दारात चेमटला.

पुढच्या वर्षी मला तीच खुर्ची द्या.

सुला